तेजोबाबांना दूध चालत नाही

कोपरला त्या रविवारी भर दुपारी बारा वाजता जेवढी माणसं उन्हात उभी होती, तेवढी मी रॉकेलच्या रांगेतही कधी पाहिली नव्हती. रांग एका पत्र्याच्या गोदामापासून निघालेली, पिठाच्या गिरणीला वळसा घालून थेट रेल्वेच्या कुंपणाला टेकलेली. निम्म्या लोकांनी तोंडाला टॉवेल, ओढणी, पदर, जे मिळेल ते गुंडाळलेलं. एका गृहस्थांनी तर डोक्यावर स्टीलची परात धरलेली. कारण काय, तर तेजोबाबांनी भक्तांना ऊन वर्ज्य सांगितलं होतं. आणि ऊन वर्ज्य सांगणारे बाबा दरबार भरवत होते दुपारी बाराला! पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती. माझ्या दंडाला बायजाने घट्ट धरलं होतं.

साल एक्क्याण्णव. मी तेव्हा डोंबिवली पश्चिमेला डॉक्टर सुमेधा वर्तक यांच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात काउंटरवर बसायचे. नंबर द्यायचे, आणि बाईंनी लिहून दिलेलं औषध कसं घ्यायचं ते पेशंटला समजावून सांगायचे. बायजा ही जवळच्याच कोपर गावातली कोळीण. आमच्या दारावर मासळी घेऊन यायची. गेले पंधरा दिवस ती एकच सांगत होती, "मालनताय, चल गं एकदा! माजी मंजुळा बरी जाली. बाबान बरी केली."

म्हणून मी गेलेले.

गोदामाच्या खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं. आत मिट्ट काळोख. शंभरेक माणसं दाटीवाटीने बसलेली, त्यामुळे घामाचा, उदबत्तीचा आणि बायजाच्या टोपलीचा असा तिहेरी वास. समोर लाकडी फळ्यांचा मंच. शंख वाजला, खटकन् काहीतरी झालं आणि मंचावर जांभळा उजेड पसरला. त्या उजेडात बाबा प्रकटले. अंगातली पांढरी कफनी नुसती पेटल्यासारखी निळीशार चमकत होती. दात चमकत होते. डोळ्यांची बुबुळं सोडून सगळं चमकत होतं.

"बाळांनो!" बाबा गरजले. "पाप पोटात लपवाल, उशीखाली लपवाल, पण ते कातडीवर उगवल्याशिवाय राहणार नाही! हा साक्षात तेजाचा एक्स-रे आहे. बघा आपापल्याकडे. ज्याचा सदरा चमकतो, त्याचं मन निर्मळ!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि खरोखर, निम्मे सदरे, साड्या, लेंगे निळसर चमकत होते. लोकांचे आनंदाचे चीत्कार निघाले. फक्त पुढे बसलेले महिपतराव, आमच्या भागातले रिटायर्ड पोस्टमास्तर, जाड्याभरड्या सदऱ्यात काळेठिक्कर दिसत होते. त्यात त्यांनी आश्चर्याने तोंड उघडलं, तर आत एकही दात नाही, नुसतं भोक.

"हे बघा!" बाबांनी बोट रोखलं. "आयुष्यभर खोटं बोललेले दात. तेजाने टाकून दिले!"

"अहो, कवळी आहे," महिपतराव पुटपुटले. पण त्यांची सूनच त्यांच्यापासून चार बोटं लांब सरकली.

मग बाबांनी एका कॉलेजातल्या मुलाला वर बोलावून तोंड उजेडासमोर धरायला लावलं. त्याच्या नाकावर, कपाळावर नारिंगी ठिपके लुकलुकले. अंगावर काटा यावा असंच ते दिसत होतं, खोटं कशाला बोलू?

"मोजा! एक ठिपका, एक पाप. एवढ्या लहान वयात?" मुलगा रडायच्या बेताला आला. "घाबरू नकोस. खडवलीच्या नदीत मी एकवीस दिवस एका पायावर उभा होतो, तेव्हा खुद्द सूर्यनारायणाने माझ्या ओंजळीत ही पुडी टाकली!"

बाबांनी कागदाची पुडी उलगडली. आतली पूड पिवळीधमक चमकली. "तेजोबाबा की जय!" गोदामाचा पत्रा थरथरला.

"आता नियम. दूध नको, दही नको, ताक नको. आणि हो, उन्हात हिंडायचं नाही. वर भांडंभर पाणी प्यायचं आणि लगेच आऽऽडवं व्हायचं नाही. कळलं का, परत सांगू?"

अहो, हे माझे शब्द! दिवसातून तीस वेळा मी काउंटरवर हेच म्हणायचे. हाच क्रम, हेच "आणि हो", आणि "आडवं" मधला हा आ सुद्धा माझाच, कारण तिथे मला जांभई यायची. आमच्या दवाखान्यात मुरुमांसाठी ज्या कॅप्सूल देतात, त्या घेण्याचे हे नियम. दूध घेतलं तर त्या अंगी लागत नाहीत, उन्हात गेलं तर कातडी भाजून निघते, कोरड्या घशाने गिळून आडवं झालं तर अन्ननलिकेत अडकून जखम होते. सूर्यनारायण कधीपासून माझ्या काउंटरवर कान लावून बसायला लागले?

तेवढ्यात जांभळा उजेड फडफडला. गेला, आला, परत गेला. भक्त "हर हर" म्हणू लागले. बाबा मात्र सवयीने उठले, स्टुलावर चढले, वर हात घालून काहीतरी पिळलं आणि पुटपुटले, "स्टार्टर सैल आहे."

सहदेव!

सहदेव वायरमन. दिवाळीच्या सुमाराला त्याने आमच्या दवाखान्यातलं वायरिंग बदललं होतं. तीन दिवस तो काउंटरसमोर शिडीवर होता आणि मी त्याला रोज दोनदा चहा देत होते. बाईंकडे हातात धरायचा जांभळा दिवा आहे, त्याखाली चेहरा तपासतात. त्याचीही वायर त्यानेच बदललेली. नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर रोषणाईची कामं करायचा, त्यामुळे जांभळ्या ट्यूबा त्याच्याकडे असणारच. फक्त ही दाढी नवीन होती.

मी ओरडणार होते. पण बाबांनी मंजुळाला मंचावर बोलावलं, आणि मी उठता उठता परत बसले.

बायजाची ही मुलगी एकोणीस वर्षांची. तिला साध्या पुटकुळ्या नव्हत्या. गालावर, हनुवटीवर, पाठीवर सुपारीएवढे दुखरे फोड. वर्षभर कॉलेज सोडून ती घरात बसली होती. दिवसा बाहेर पडायची नाही, मागच्या खोलीत सुकी मासळी निवडत राहायची. थंडीत बायजा तिला आमच्या बाईंकडे घेऊन आली होती, पाच आठवड्यांनी "गुण नाय" म्हणून औषध बंद केलं. आणि आता तीच मंजुळा मान वर करून उभी होती. डाग होते, पण फोड बसले होते. लोक तिच्याकडे बघून "वा" म्हणत होते. तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं, ते मी मोडू कसं?

परतताना मी बायजाला विचारलं, "तू तिला आमच्या बाईंच्या कॅप्सूल कशाबरोबर द्यायचीस गं?"

"दुधाबरोबर! गिलासभर, वर साय घालून. औषध गरम पडतं ना."

"मी तुला दूध नको म्हणून सांगितलं होतं की नाही?"

"सांगतलं व्हतं."

"मग?"

बायजाने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तू सांगतलंस गं. पन तू काय देव हाय?"

मला कोपरच्या त्या रस्त्यावर मटकन् बसावंसं वाटलं. मी घसा सुकेपर्यंत सांगितलेलं कुणी ऐकलं नाही, आणि दाढी लावून वायरमनने सांगितलं की लगेच दुधाची भांडी पालथी!

"आनि यो देव आपलाच हाय," बायजा खुशीत म्हणाली. "दूध नको बोलतो, पन म्हावरा चालतो. दर आयतवारी एक पापलेट न्हेते. आता सुनेला पन पुडी चालू केली."

"सुनेला? शीलाला?"

"तिला चौथा हाय ना. तोंडावर फोड आलेत."

मी रस्त्यातच थांबले. गरोदर बाईने हे औषध घ्यायचं नाही. बाळाच्या दातांवर, हाडांवर परिणाम होतो, आईच्या लिव्हरला धोका असतो. हा प्रश्न डॉक्टरीणबाई प्रत्येकीला आत, दार लावून विचारतात. काउंटरवर, चारचौघांत मी तो कधीच मोठ्याने विचारत नाही. म्हणजे देवाला किती ठाऊक होतं, तर शिडीवरून ऐकू येईल तेवढंच.

मी बायजाला तिथल्या तिथे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा बोलला असता." माझ्या तोंडावर दार लावलं नाही एवढंच.

सोमवारी सकाळी बाईंना सगळं सांगितलं. डॉक्टर सुमेधा वर्तक म्हणजे शांत प्रकरण. मी इतकी वर्षं तिथे काढली, पण त्यांचा आवाज कधी चढलेला आठवत नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं, बाहेरच्या अकरा पेशंटना थांबायला सांगितलं आणि म्हणाल्या, "चला मालनताई, कोपरला."

बायजा बाजारात होती. शीलाने आम्हाला बघून आधी रडायलाच सुरुवात केली. पहिली पुडी तिने घेतली, पण ती इतकी कडू, की सगळं उलटून पडलं. उरलेल्या सहा तिने हळदीच्या डब्यात लपवल्या होत्या.

"सासूबायना सांगू नका," ती म्हणाली. "त्या बोलतील, सुनेन देवाला फसवला."

"तू फार शहाणी आहेस," बाई म्हणाल्या. "एका पुडीने बहुधा काही होणार नाही. पण तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. ही चिठ्ठी त्यांना दे. आणि कुठलंही औषध, कुणीही दिलेलं, आधी 'मी गरोदर आहे' असं सांगितल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही."

पुड्या घेऊन आम्ही दवाखान्यात आलो. बाईंनी दिवे घालवले आणि आपला जांभळा दिवा पुडीवर धरला. पिवळीधमक. मग एक कॅप्सूल फोडून शेजारी ओतली. तीही पिवळीधमक. दोन देव शेजारी शेजारी.

"पक्की खात्री औषध खात्याची लॅब करेल," बाई म्हणाल्या. "पण मला तरी शंका उरलेली नाही. यात पिठीसाखर दिसते आहे आणि कुठल्याच दोन पुड्यांत सारखं माप नाही."

त्याच संध्याकाळी मंजुळा एकटी दवाखान्यात आली. वर्षभरात पहिल्यांदा एकटी रस्त्याने आलेली. तिने टेबलावर रुमाल सोडला. आत रिकामी कॅप्सूलची टोपणं, अर्धी लाल, अर्धी पिवळी.

"गोदामाच्या मागे नाला आहे ना, त्यात तरंगतायत," ती म्हणाली. "शेकड्याने. मी ह्याच कॅप्सूल घेतलेल्या ना तुमच्याकडच्या?"

बाईंनी मान डोलावली.

मंजुळाने रुमालाची टोकं परत जुळवली. मग म्हणाली, "मला ते कालच दिसलेलं. कुणाला सांगितलं नाही. बाबांना खोटं ठरवलं आणि फोड परत आले तर? मॅडम, दर रविवारी लोक माझ्याकडे बघतात आणि तोंड फिरवत नाहीत. तुम्हाला नाही कळणार ते."

"नाही कळणार," बाई सरळ म्हणाल्या. "पण तुला गुण कशाने आला ते मला कळतं. औषधाने आला, आणि दूध थांबल्यामुळे आला. बाबा मानले किंवा नाही मानले, औषधाला ते समजत नाही. मात्र तू आज चिमूटभर घेतेस, उद्या दोन चिमटी, परवा काहीच नाही. अशा अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, सरावतात. मग हेच औषध उद्या तुझ्यावर चालणार नाही. पुडी आजपासून बंद. मी मोजून देते, किती दिवस ते सांगते, बरोबर लावायचं मलम देते, आणि मधेमधे तपासते. चालेल?"

मंजुळाने डोळे पुसले. "चालेल. पण रविवारी मला जायचंय दरबारात."

"कशाला?" मी विचारलं.

"बाबा मला दर वेळी बोलायला लावतात ना? एकदा मीपण बोलते."

पुढच्या रविवारी गर्दी आणखी वाढलेली. मी आणि बाई मागे बसलो. आमच्या शेजारी सफारीतले एक गृहस्थ होते, औषध खात्यातले साहेब, बाईंच्या पत्रावरून आलेले. महिपतरावही होते, घरच्यांनी प्रायश्चित्तासाठी पाठवलेले.

शंख, खटका, जांभळा उजेड. सदरे तपासून झाले, पापं मोजून झाली. मग बाबांनी हात पसरले. "ये मंजुळे! सांग या लेकरांना, तुझं पाप कुणी धुतलं?"

मंजुळा वर गेली. एक मूठ घट्ट मिटलेली, मला मागून दिसत होतं.

"बाबा, आधी एक शंका. माझी वहिनी गरोदर आहे. तिने किती पुड्या घ्यायच्या?"

बाबा थांबले. पहिल्यांदाच थांबले. डोळे वर छताकडे गेले, पण तिथे काउंटर नव्हता.

"दोन जीव," ते अखेर म्हणाले, "म्हणून दोन पुड्या! बाळ जन्मतःच तेजस्वी!"

टाळ्या पडल्या. मंजुळाने मूठ उघडली. कॅप्सूल मोडली, तळहातावर ओतली आणि हात त्या ट्यूबखाली धरला. पिवळा उजेड तिच्या बोटांतून सांडल्यासारखा दिसला. टाळ्या बंद झाल्या.

"ही मेडिकलमधून आणलीय," ती म्हणाली. आवाज चिरकत होता पण थांबला नाही. "डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. नदीत उभं राहावं लागलं नाही. आणि गरोदर बाईला ही देतच नाहीत. सूर्यदेवाला एवढं माहीत नाही?"

"पापिणी!" बाबा किंचाळले. "तेजाची थट्टा? तुझे फोड परत येतील!"

मंजुळाने दुसऱ्या हाताने गाल चाचपला. मग ती म्हणाली, "आले तर औषध घेईन."

इतक्यात फर्रकन् आवाज झाला. महिपतरावांनी खिडकीचं गोणपाट ओढून काढलं होतं. सत्तरीचा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी तिन्ही खिडक्या मोकळ्या केल्या. भसकन् ऊन आत आलं. मंचावर काय उरलं? एक स्टूल, एक ट्यूब, पिठीसाखरेचा डबा, लाल-पिवळ्या टोपणांनी भरलेली बादली आणि मळकट कफनीतला सहदेव वायरमन.

"सहदेव," मी उभी राहून म्हटलं, "माझे नियम निदान पुरते तरी ऐकून जायचे होतेस!"

गोंधळ उसळला. चारपाच तरुण मंचाकडे धावले. बाई त्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या. "हात लावायचा नाही. साहेब पंचनामा करतील, पोलीस येतील. तुम्ही बसा. तुम्हाला काय खाल्लंत ते कळायला नको?"

लोक बसले. बाईंनी त्याच ट्यूबखाली उभ्या राहून सगळं समजावलं. त्वचेच्या छिद्रांत जंतू असतात, ते जो पदार्थ तयार करतात तो या उजेडात नारिंगी चमकतो. पाप नव्हे, जंतू. औषधाने जंतू कमी झाले की ठिपके कमी.

"आणि सदरे?" एका बाईंनी काळजीने विचारलं. "माझी साडी चमकते, म्हणजे माझं मन निर्मळ ना?"

"मनाचं मला माहीत नाही. तुमच्या साबणाच्या पावडरीत कपडे पांढरे दिसण्यासाठी एक रसायन असतं, ते चमकतं."

"म्हणजे मी?" महिपतराव पुढे आले.

"तुम्ही साध्या साबणाने कपडे धुता. आणि खरे दात या उजेडात चमकतात, कवळी चमकत नाही."

महिपतरावांनी कवळी काढून सुनेसमोर धरली. "ऐकलंस?" ते म्हणाले, पण दात हातात असल्यामुळे ते कुणालाच नीट कळलं नाही.

सहदेव इतका वेळ खाली बघत होता. आता तो म्हणाला, "पण डॉक्टरीणबाई, गुण तर आला ना? मी राख नाही दिली. खरं औषध दिलं. मग माझं चुकलं काय?"

खरं तर हा प्रश्न अनेकांच्या मनात होता.

"राख दिली असतीस तर कदाचित कमी बिघडलं असतं," बाई म्हणाल्या. "राखेने गुण येत नाही, लोक कंटाळून निघून जातात. खरं औषध म्हणूनच धोका. कुणाला चालतं, कुणाला नाही, लहान मुलाला द्यायचं की नाही, आधी कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे तू एकालाही विचारलं नाहीस. एका गरोदर मुलीला सात पुड्या दिल्यास. तुला माहीतच नव्हतं, आणि माहीत नाही हे तू म्हणू शकत नव्हतास, कारण तू देव झाला होतास."

तेव्हा पुढच्या रांगेतली बायजा उठली. सुनेचं नाव कुणी घेतलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. ती मंचापाशी गेली, कमरेवर हात ठेवून सहदेवकडे बघत राहिली.

"माजी सात पापलेटा काढ," ती म्हणाली.

हसण्याचा असा स्फोट झाला, की सफारीतल्या साहेबांच्या हातातला पंचनाम्याचा कागदही हलू लागला. बायजा मात्र हसली नाही. ती बाईंकडे वळली. "म्हंजे पोर बरी व्हत नव्हती ती माज्या दुधान?"

"तुम्ही मायेनेच दिलंत."

"मना कुनी सांगतलं नाय," बायजा म्हणाली. मग माझ्याकडे बघून, जरा वेळाने, "सांगतलं व्हतं."

सहदेववर केस झाली. ती लांबली आणि पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. त्याला कॅप्सूलचे खोके चिठ्ठीशिवाय पुरवणाऱ्याचीही चौकशी झाली. शीलाला पावसाळ्यात मुलगी झाली, धडधाकट. मंजुळाने तीन महिने मोजून औषध घेतलं, पुढे बराच काळ मलम लावलं. मधे एकदा दोन फोड आलेच. ती घाबरली नाही, येऊन दाखवून गेली. गालावर काही खड्डे राहिले, ते अजून आहेत. ते घेऊनच ती कॉलेजात परत गेली.

माझं म्हणणं मोठं नाही. अंगावर काही उठलं की माणूस हळवा होतो, आणि हळव्या माणसाला चमकणारी वस्तू पटकन दिसते. त्याला हसू नका. पण पुडी हातात आली की तिचं नाव विचारा. खऱ्या औषधाला नाव असतं, माप असतं, किती दिवस घ्यायचं त्याचा हिशेब असतो आणि कुणी घेऊ नये त्याची यादी असते. ते देणारा आधी तुम्हाला दहा प्रश्न विचारतो, आणि तुम्ही त्याला वीस विचारलेत तरी शाप देत नाही. जो काहीच विचारत नाही आणि काहीच विचारू देत नाही, त्याच्या हातून पाणीसुद्धा पिऊ नका.